पणजोबाचं वेब्ली पिस्टल: होतं तसं करावं का नवं रूप द्यावं?

तेरणाकाठ

रामराम मंडळी. लै दिवसापासून नुसतं वाचायलो, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात एक .३२ चं पिस्टल आहे, वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचं. पणजोबानं निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेलं. तेव्हाचा परवाना अजून आहे, सगळा उर्दूत, शेजारच्या गावातल्या एका मास्तरकडून वाचून घेतला तर तारीख १३४८ फसली निघाली, म्हणजे १९३८-३९. पैसे हाली सिक्क्यात (निजामाच्या चलनात) दिलेले. पणजोबा, मग आजोबा, मग वडील असं करत ते आता माझ्याकडं आलंय. वडील वारले तेव्हा कायद्याप्रमाणं दुकानात जमा केलं होतं, गेल्या महिन्यात वारसा परवाना माझ्या नावानं झाला आणि घरी आणलं.

आता हालत सांगतो. डाव्या अंगाला रंग (तो निळसर काळा असतो ना) बराच टिकलाय, उजव्या अंगाला पार गेलाय, बारीक बारीक गंजाचे खड्डे पडलेत. चाप दाबला तर घोडा पडतो पण वर खेचायला लै जड लागायलंय. मॅगझीन एकच, आठ गोळ्यांचं. उजवी मूठ फुटलेली आहे आणि तिला एमसील लावलंय. हे एमसील आजोबांचं काम. आमचं गाव औसा तालुक्यात, त्र्याण्णवच्या भूकंपात जुना वाडा पडला, पिस्टल दिवळीत ठेवलेलं होतं ते दगड-मातीत गेलं. ढिगारा उपसताना सापडलं तेव्हा मूठ फुटली होती आन् वरच्या लोखंडाला एक ठोका बसलेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा, मला तो ढिगारा आठवतो, पिस्टल नाही आठवत.

दुकानातला कारागीर म्हणायलाय की पॉलिश मारून क्रोम करू, शिसवी मूठ बसवू, त्यावर पाहिजे तर नाव कोरू, एकदम नव्यासारखं दिसंल. माझा मेव्हणा म्हणतो पुढं लेझर पण लाव. आणि माझा चुलतभाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो हात लावू नको, कंपनीतून निघालं तसं ओरिजनल करून घे, ब्ल्यूइंग (तोच निळसर काळा रंग) वगैरे, जुन्या गाडीसारखं. तिघं तीन तोंडं. मला कळंना झालंय. तुम्ही असता तर काय केलं असतं?

---

लेथ_आणि_वेल्डिंग

भाऊ, क्रोमच कर. आपल्याकडं उन्हाळ्यात घाम आन् पावसाळ्यात दमट, ब्ल्यूइंग काही टिकत नाही, दोन वर्षांत परत तांबूस. क्रोम केलं की कपड्यानं पुसलं की झालं. माझ्या ओळखीच्यानं केलंय, लग्नात कमरेला लावलं की लोक बघतच राहतात. नळी खराब असंल तर तीपण नवी टाकून घे एकदाच, लेथवर काय अवघड नाही, फुटलेल्या मुठीचं काय घेऊन बसलाय.

---

जुना_आर्मोरर

तेरणाकाठ, नमस्कार. मी पोलीस खात्यात शस्त्रागारात तीस वर्षं काढली, आता घरी आहे, सोयाबीन बघतो. वरच्या लेथवाल्या भावाचं ऐकू नका, कमरेला लावून लग्नात तर अजिबात जाऊ नका. बाकी सांगतो, जरा लांब होईल.

पहिलं, तुमच्या पोस्टीत सगळं आहे, एकच गोष्ट नाही. नंबर वाचता येतोय का? अंगावर ठोकलेला नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतोय का? भिंगानं बघा. क्रोम का ब्ल्यू हे त्याच्यानंतर.

दुसरं, तुम्ही उजवी मूठ फुटलीय म्हणता. या मॉडेलमधे उजवीच फुटते, भूकंप झाला नसता तरी फुटली असती कदाचित. या वेब्लीची मागं ढकलायची स्प्रिंग नळीखाली किंवा नळीभोवती नसते, ती इंग्रजी व्ही सारखी चपटी पट्टी असते आणि उजव्या मुठीच्या आत बसलेली असते. वरून मूठ जुन्या काळ्या कडक रबराची, ज्याला व्हल्कनाइट म्हणतात, ती वयानं काचेसारखी होते. उघडताना धसमुसळेपणा केला की मूठ जाते, कधी स्प्रिंग पण जाते. म्हणून तुम्ही स्वतः स्क्रू काढू नका. जड लागतंय ते स्प्रिंगमुळं नसून आत घट्ट झालेलं जुनं तेल असायची शक्यता जास्त. कोणीतरी कधीतरी खोबरेल किंवा गोडं तेल घातलेलं असतं आपल्याकडं, ते वाळून गोंद होतं. शंभरातली निम्मी ‘बिघडलेली’ शस्त्रं मी नुसती धुऊन चालू केलीत.

तिसरं, उजव्याच अंगाला गंज म्हणजे ते चामड्याच्या म्यानात ठेवत होते, बरोबर? चामडं कमवायला जे क्षार वापरतात ते आणि ओल, दोन्ही धरून ठेवतं. एकाच कुशीवर वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्या बाजूचा रंग खातं. म्यान ठेवा, पण वेगळं ठेवा. पिस्टल तेलाचा हात फिरवून सुती कपड्यात.

आता मूळ प्रश्न. क्रोम, निकल काहीही चढवायचं असलं तर आधी खालचं लोखंड घासून आरशासारखं करावं लागतं, खड्डे असले तर खड्ड्याच्या तळापर्यंत घासावं लागतं. तुमच्या अंगावर काय काय ठोकलेलं आहे बघा. कंपनीचं नाव, ७.६५ एमएम आणि .३२ असं लिहिलेलं, नंबर, आणि मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी बारकी अक्षरं. ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची, म्हणजे जास्त दाबाची गोळी मारून नळी तपासलीय याची खूण. एनपी म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेलं. हे सगळं केसभर खोल असतं. बफ लागला की आधी कडा गोल होतात, मग अक्षरं पुसट, मग सपाट. चुलतभाऊ म्हणतात त्या ओरिजनल ब्ल्यूइंगला पण हेच लागू आहे बरं का, तिथंही आधी घासणंच असतं. ब्ल्यूइंग म्हणजे वरून लावलेला रंग नाही, लोखंडाचाच काळा गंज आहे, लाल गंज होऊ नये म्हणून मुद्दाम आणलेला. जसा खालचा पृष्ठभाग तसा तो दिसतो.

माझं मत विचाराल तर गंज थांबवा, आतून धुवून घ्या, स्प्रिंग तपासून घ्या, बाकी हात लावू नका.

---

बुलेट_अंबाजोगाई

काका बरोबर सांगायलेत, मी भोगलंय म्हणून लिहितो. आमच्या मामाचं रिव्हॉल्वर होतं, जुनं इंग्लिश, मामाला हौस लै, एका कारागिराकडं (गाव सांगत नाही) दिलं आणि निकल करून आणलं, काय चमकायलं होतं म्हणून सांगू, दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवलं होतं चांदीच्या ताटात, आणि मग दीड वर्षानं परवाना नूतनीकरणाला आला आणि तपासणीला शस्त्र घेऊन या म्हणले, साहेबानं भिंग लावलं आणि विचारलं नंबर कुठंय, मामा म्हणला हा काय, तर तिथं नुसता एक ३ आणि अर्धा काहीतरी, ८ म्हणा नाहीतर ० म्हणा. झालं. जप्त तर जप्त, वरून चौकशी की हे तेच शस्त्र आहे कशावरून, मूळ विकून दुसरं ठेवलं असंल. कारागिरानं हात वर केले, पावती पण दिली नव्हती त्यानं. दोन वर्षं मामा चकरा मारत होता. शेवटी जुन्या रजिस्टरमधल्या वर्णनावरून सुटका झाली पण शस्त्र परत आलं नाही ते नाहीच.

मी स्वतः जुन्या बुलेट रिस्टोअर करतो, तिथं चेसी नंबरवर आम्ही सँडपेपर सुद्धा लावत नाही, टेप मारून झाकतो. मामाला ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही याचं वाईट वाटतं.

---

काळा_कोट_लातूर

मी लातूरला वकिली करते. बुलेट दादांच्या मामांना कायद्यानं फारच स्वस्तात सोडलं म्हणायचं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ बघा. शस्त्रावरचं नाव, नंबर, खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहेच, पण पुढचं वाक्य जास्त जड आहे: खूण पुसलेलं शस्त्र ज्याच्याकडं सापडेल त्यानंच ती पुसली असं कोर्ट धरून चालतं, नाही पुसली हे त्यानं सिद्ध करायचं. कारागिरानं घासलं, मला माहीत नव्हतं, हे तुम्ही पुराव्यानिशी दाखवायचं. पावती नसेल तर कशावर दाखवणार?

लेथवाल्या दादांना कळकळीची विनंती, नळी बदलून घे वगैरे जाहीरपणे सांगू नका. दुरुस्ती असो, बदल असो, नुसती चाचणी असो, कलम ५ प्रमाणं त्याचा परवाना असलेल्या माणसानंच करायची. नळी आखूड करायला कलम ६ आड येतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन्हीला कमीत कमी सात वर्षं आहेत, जास्तीत जास्त जन्मठेप. लेथ चांगला चाललाय ना तुमचा? चालू द्या. सुटे भागसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच धरलेत, त्यामुळं परदेशातून ऑनलाइन स्प्रिंग मागवू असाही विचार कोणी करू नये.

लग्नात मिरवायचं म्हणाल तर मिरवता मिरवता हवेत एक बार काढला की कलम २५ मधे वेगळी तरतूद आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या शेजारच्या बीडमधे २०२५ च्या सुरुवातीला कितीतरी परवाने रद्द झाले, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय.

तेरणाकाठ, तुमचे कागद छान आहेत. तो उर्दू परवाना लॅमिनेट करू नका, झेरॉक्स आणि फोटो काढून ठेवा, जमलं तर भाषांतर नोटरी करून घ्या.

---

उगंच_विचारलं

एक शंका. एवढं जुनं आहे तर अँटिक झालं ना? अँटिकला परवानाच लागत नाही असं ऐकलंय. मग काय पाहिजे ते करा की.

---

काळा_कोट_लातूर

नाही. नुसतं वय मोजत नाहीत. कलम ४५ ची सूट जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही असं असलं तरच. वाड्याच्या भिंतीवरची ठासणीची गंजून एकजीव झालेली बंदूक वेगळी. हे तर .३२ आहे, गोळी आजही दुकानात मिळते, घोडा पडतो. याला परवाना लागणारच.

---

दहा_मीटर_नांदेड

मी एअर पिस्टल मारते, दहा मीटर, त्यामुळं माझं बोलणं थोडं वेगळं वाटेल. दादा, तुम्हाला ते चालवायचंय का? कोणी विचारलंच नाही. चालवायचं म्हणजे वर्षाला दोन-चार गोळ्या मारून बघणं पण धरलं मी. कारण ठेवायचंच असेल तर आर्मोरर काकांचं बरोबर, धुवा पुसा ठेवा. पण स्वसंरक्षणासाठी भरवशाचं पाहिजे असेल तर पंच्याऐंशीहून जास्त वर्षांच्या स्प्रिंगवर आणि भूकंपात ठोका बसलेल्या लोखंडावर जीव टांगू नका, त्याला लेझर लावून तर अजिबातच नको, लेझरनं नेम दिसतो, आतली चीर दिसत नाही. दोन शस्त्रांपर्यंत परवानगी असते (आधी तीन होती), दुसरं नवीन घ्या.

आणि एक, गोळी घेताना .३२ म्हणून मागू नका नुसतं. रिव्हॉल्वरची .३२ लांब आणि कडेला काठ असलेली, पिस्टलची .३२ आखूड, ७.६५. दोन्हीला दुकानात बत्तीसच म्हणतात. आमच्या रेंजवर एक काका चुकीचा डबा घेऊन आले होते, मॅगझीनमधे जाईना म्हणून हातोडीनं... जाऊ द्या.

---

जुना_आर्मोरर

पोरी, हातोडीचं पूर्ण सांग की. नाहीतर नको, मला झोप लागायची नाही.

ठोक्याबद्दल हिनं बरोबर पकडलं, मी विसरलो होतो. तेरणाकाठ, ठोका नेमका कुठं आहे? बाहेरच्या पत्र्याच्या कडेला असेल तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. नळीवर असेल किंवा वरचा भाग मागंपुढं सरकताना तिथं अडकत असेल तर गोळी घालायचीच नाही, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या आणि पावतीवर शस्त्राचा नंबर लिहून घ्या, देताना आणि घेताना दोन्ही वेळा. त्याच्यासमोर फोटो काढा. राग आला तर येऊ द्या त्याला.

---

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. कालचा अख्खा रविवार त्यातच गेला, सांगतो.

मॅगझीन काढलं, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं, मग पोराचं शाळेतलं भिंग घेऊन बसलो. नंबर आहे, पूर्ण आहे, परवान्याशी जुळतो. मुकुट पण सापडले काका, तीन. एवढी वर्षं घरात आहे आणि मुकुट कोणी बघितले नव्हते. ठोका वरच्या भागावर मागच्या अंगाला आहे, नळीला नाही, सरकताना अडकत नाही. म्यानाचं तुम्ही ओळखलंत तसंच, उजव्या कुशीवरच ठेवलेलं असायचं कारण डावीकडं म्यानाला पट्टा होता. आणि तेल खोबरेलच होतं, आई म्हणली दर दसऱ्याला पूजेच्या आधी आजोबा वाटीतलं लावायचे, वडिलांनी पण तेच केलं.

मग मुठीकडं आलो. चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला होता, तो म्हणायला लागला की एमसील आधी काढ, ते बघवत नाही, बाहेर नव्या मुठी मिळतात अगदी तशाच. मी भिंग तसंच फिरवत होतो, तर एमसीलवर अंगठ्याचा ठसा. पूर्ण नाही, पण रेघा स्वच्छ. ओलं असताना दाबून बसवलेलं. आजोबांच्या उजव्या अंगठ्याला आडवी जखमेची खूण होती, कडबा तोडताना विळा लागलेला, ती रेघ पण आलीय त्यात. आईला दाखवलं. आई भिंगातून बघत बसली लै वेळ. मग म्हणली तेव्हा आपण पत्र्याच्या शेडात होतो, खायचे वांधे होते आणि तुझा आजोबा हे जोडत बसलेला, मी किती बोलले त्याला तेव्हा.

चुलतभाऊ पण गप झाला फोनवर. मग म्हणला, ओरिजनल म्हणजे कधीचं धरायचं रे मग. तो माझ्याहून मोठा, त्या रात्री गावातच होता, विसर्जन करून नुकतेच झोपले होते सगळे.

तर क्रोम नाही, ब्ल्यूइंग नाही, मूठ आहे तशी. कारागिराला फोन करून सांगितलं की फक्त आतून धुवायचं आणि स्प्रिंग बघायची, पावती पाहिजे. तो जरा नाराज झाला, म्हणला एवढ्यात काय दिसणार. मेव्हण्याला अजून सांगितलं नाही.

काका, एक विचारायचं राहिलं. मूठ काढल्याशिवाय स्प्रिंग दिसणार नाही म्हणलात, आणि मूठ काढताना एमसील तुटलं तर?

---

जुना_आर्मोरर

तुटू शकतं, खोटं सांगत नाही. मग एक करा. गोळी घालायची नसेल तर स्प्रिंग बघायचीही गरज नाही. मूठ न काढता वरून जेवढं धुता येतं तेवढं धुवून घ्या, खोबरेल बरंचसं निघतं, थोडं जड राहिलं तर राहू द्या. चालवायचं ठरलं तर मूठ काढावीच लागेल. दोन्ही एकदम होणार नाही, त्यामुळं नांदेडच्या पोरीनं विचारलं होतं त्याचं उत्तर आधी द्या.

लाल गंज आहे तिथं बंदुकीचं पातळ तेल टाकून एक रात्र ठेवा, मग सगळ्यात बारीक नंबरचं स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हातानं. नंबर आणि मुकुटांजवळ स्टील वूलसुद्धा नाही, तिथं नुसतं कापड. काळा डाग निघत नसेल तर निघू नये, तो आता गंज नाही.

---

तेरणाकाठ

चालवायचं नाही काका. परवान्यावर ठेवायचं, दसऱ्याला पूजा करायची. खोबरेल बंद.

---

लेथ_आणि_वेल्डिंग

मॅडम, नळीचं मी आपलं बोलून गेलो, आपण तसलं काम करत नाही, फक्त ग्रील आणि ट्रॉली. तेरणाकाठ भाऊ, ठेवायला लाकडी पेटी पाहिजे असंल तर आमचा सुतार चांगला आहे. आत मखमल नको, ओल धरते, बरोबर ना काका?

---

जुना_आर्मोरर

बरोबर. शिकला गडी. पेटी करा, पण कुलूप लोखंडी कपाटाचंच, पेटी त्याच्या आत.

---

तेरणाकाठ

पेटीचं सांगतो दिवाळीनंतर. शेवटचं एकच, आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करा म्हणून निरोप आला तर महिना-दोन महिने तिथं पडून राहणार. मागच्या वेळी वडिलांनी जमा केलं होतं तेव्हा परत आलं ते तांबूस होऊनच. तेल लावून देऊ का?

---

जुना_आर्मोरर

भरपूर लावून द्या, तेलकट कागदात गुंडाळून, वर कापड, म्यानात नाही. आणि जमा करताना पावतीवरचा नंबर तिथंच उभं राहून भिंगानं ताडून बघा. घाईत १ चा ७ होतो. मी स्वतः केलेत.